सांडल्याशिवाय जादू नाही

दिग्रसला कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत रुपाली मुनेश्वर अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची शिकवणी घ्यायची. मी, सुरभी, तिच्याकडे गेले ती गणितं सुटत नव्हती म्हणून. गणितं पुढे सुटली, पण मी शिकवणीला चिकटून राहिले ते रविवारच्या खेळासाठी.

तिचे वडील उकंडाबाबा जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस चढवायचे. आई मथुराबाई शाळेत खिचडी शिजवायची. यवतमाळला कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झालेली त्यांच्या मोहल्ल्यातली ती पहिली मुलगी. अंगाने बारीक, आवाज मात्र असा की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ऐकलं तरी धडा कळावा. आणि एक गोष्ट तिला अजिबात सहन होत नसे. कोणी म्हटलं की हे विचारायचं नसतं, तर ती तेच दुसऱ्यांदा विचारायची.

खेळाची सुरुवात कॉलेजात झाली. तिच्या वर्गात राळेगावकडचा घनश्याम नावाचा मुलगा होता. कास्तकाराच्या घरचा, हुशार, बोलण्यात एकदम गोड. त्याचा नागपूरचा एक मित्र एक इंग्रजी खेळ घेऊन आला होता. त्या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि प्रत्येकाने काय केलं ते फाशांवर ठरतं. रुपालीताईही खेळायला बसली. पहिल्याच डावात एका जादूगाराने तळहातातून आगीचा गोळा फेकला. ताईने विचारलं, आग आली कुठून? नागपूरवाला म्हणाला, जादू आहे, तिथे असं विचारायचं नसतं.

ती उठली. घनश्यामही तिच्यामागे उठला. कॉलेजच्या मागे निंबाखाली बसून त्या दोघांनी वर्षभरात स्वतःचा खेळ बनवला.

त्यात जादू होती, भरपूर होती. पण कोणतीही जादू करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. कुठून घेतलं? कशातून नेलं? वाटेत किती सांडलं? पहिल्याला ते स्रोत म्हणत, दुसऱ्याला वाहक, तिसऱ्याला सांडणं. आग पेटवायची तर तेवढी ऊब कशातून तरी काढावी लागे, दगडातून, विहिरीच्या पाण्यातून, नाही तर स्वतःच्या अंगातून. हवेत उडायचं तर खालचं काहीतरी तेवढ्याच जोराने खाली दाबलं जाई, मग कोणाच्या छपराची कवेलू फुटोत की कोणाचं उभं पीक झोपो. अदृश्य होता येई, पण उजेड डोळ्यांतूनही आरपार जातो म्हटल्यावर अदृश्य माणूस आंधळा होई. दरवाजा ढकलणारा स्वतः मागे फेकला जाई, म्हणून शहाणे खेळाडू आधी भिंतीला पाठ लावत. फासा टाकायचा तो मंत्र लागला की नाही हे बघायला नव्हे. मंत्र लागायचाच. फासा सांगायचा ते किती सांडलं. आणि फाशावर शून्य नव्हतंच.

फासे लुडोचे होते. ऊब मोजायला सरकी, उकंडाबाबांच्या जिनिंगमधून आणलेली.

शिकवणीच्या खोलीत रविवारी आम्ही पाच-सहाजण बसायचो. त्यातला मोठा माणूस एकच, भीमसिंग राठोड. जिनिंगमध्ये फिटर होता, दोन मुलींचा बाप. उकंडाबाबांकडून खेळाबद्दल ऐकलं आणि एकदा पाहायला आला, तो दर रविवारी येऊ लागला. आमच्या गटातला सगळ्यात बेधडक जादूगार तोच.

मला पहिल्या वर्षीचा एक डाव अजून आठवतो. एका किल्ल्याचा दरवाजा जाळायचा होता. मी खालच्या गावातल्या विहिरीतून ऊब ओढली आणि दरवाजा राख केला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या रविवारी ताईने गोष्ट पुढे सुरू केली ती किल्ल्यापासून नव्हे. त्या गावातून केली. विहिरीचा बर्फ झाला होता आणि बाया भांडी घेऊन काठावर उभ्या होत्या. त्यातल्या एकीने मला विचारलं, आमचं पाणी कोणी नेलं? ताई त्या बाईच्या आवाजात बोलत होती आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत होती. त्यानंतर मी कधी न विचारता विहिरीला हात लावला नाही.

ते कापसाचे वाईट दिवस होते. पेपरात सारखं यवतमाळचं नाव यायचं. बाहेरून गाड्या भरून माणसं यायची, बांधावर उभं राहून फोटो काढायची आणि जायची. जिनिंग अर्धाच हंगाम चालायचं. शिकवणीतली मुलं कमी होत होती. त्यात एका वर्षी पावसाने उघडीप दिली आणि बोंडं धरण्याच्या वेळेला लाल्या आला. हिरवी पानं बघता बघता लाल पडू लागली.

त्याच ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवार होता, बाजाराचा दिवस. आम्ही दुपारी खेळायला बसलो होतो, दार उघडं होतं. बाहेरच्या रस्त्यावर एक जीप उभी राहिली आणि तिच्यावरच्या भोंग्यातून आवाज आला.

"शेतकरी बंधूंनो, विश्व हा स्रोत. ही तांब्याची पट्टी वाहक. विश्वातली ऊर्जा थेट पिकाच्या मुळाशी. लाल्या पळणार म्हणजे पळणार. आणि सांडणं शून्य."

आमचे शब्द होते ते. ती खोली आणि आमची घरं सोडली तर ते कोणाला माहीतही नव्हते. भीमसिंगच्या हातात फासा तसाच राहिला. ताईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कान लाल झाले. आवाज तिने ओळखला होता.

ती चप्पल न घालता बाहेर गेली. आम्ही मागोमाग.

घनश्याम जीपच्या मागच्या बाजूला उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, भोवती पन्नासेक माणसं. कुठल्याशा कंपनीची एजन्सी त्याने घेतली होती. स्पर्धा परीक्षा देऊन थकला होता, नोकरी लागली नव्हती, हे मला नंतर कळलं. ताईला बघून तो हसला, आणि मनापासून हसला. गर्दीतून वाट काढत बाजूला आला.

ताईने विचारलं, हे काय करून राह्यला? तो म्हणाला, पोट भरून राह्यलो. तांब्याचा तुकडा आहे, शेताच्या चार कोपऱ्यांत गाडतात, नुकसान कोणाचंच नाही. दवाखान्यात नाही का डॉक्टर साध्या गोळ्या देत, माणसाला धीर यावा म्हणून? ताई म्हणाली, धीर विकत असशील तर धीर म्हणून विक. पट्टी गाडलेला माणूस पानांकडे बघत निवांत बसतो, आणि तेवढ्यात खत-पाण्याची वेळ निघून जाते. ते सांडणं तू कोणाच्या नावावर टाकणार?

घनश्यामचं हसू गेलं. "शब्द काय तुह्या एकटीचे हायेत?"

"अर्धे माह्ये हायेत," ताई म्हणाली. "माह्ये अर्धे परत दे. मंग राह्यलेल्या अर्ध्यावर विकून दाखव."

तो जीपवर चढला आणि भोंगा पुन्हा सुरू झाला.

त्या दिवशी माझ्या वडिलांनीही पट्ट्या घेतल्या. घरी मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, एवढा शिकलेला मुलगा खोटं कशाला सांगेल, आणि तू घरी सांगतेस ते तुझ्या मॅडमचेच तर शब्द आहेत.

मी ते ताईला सांगितलं, आणि हेच तिच्या जिवाला लागलं. त्या आठवड्यात तिने गावात ज्याला-त्याला गाठून सांगितलं की पट्टीत काही नाही. तिचं ऐकून काहींनी पैसे परत मागितले. मग उलटी बातमी फिरू लागली. मुनेश्वरांची पोरगी फासे टाकून मुलींना जादूटोणा शिकवते. ती घनश्यामने पेरली की त्याच्या माणसांनी, ते मला माहीत नाही. पण आठ दिवसांत शिकवणीतल्या मुली निम्म्या झाल्या. खोलीच्या मालकीणबाई विमलताई ताईला फार मानायच्या, पण त्याही येऊन म्हणाल्या की बाई, मला लोकांचं ऐकून घेववत नाही, महिनाअखेर खोली मोकळी कर.

घरी त्याहून कठीण होतं. मथुराबाईच्या सासऱ्यांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतल्यावर घरातला देव्हारा उचलून नाल्यात सोडला होता. तेव्हापासून त्या घरात गंडा नाही, दोरा नाही, अंगात येणं नाही. आणि आता मोहल्ल्यातल्या बाया विचारत होत्या, तुझी रुपाली मंत्र शिकवते म्हणे. त्या दिवशी मी वह्या परत करायला गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं. मथुराबाई चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "आमच्या मानसाईनं घरातून जादू बाहेर काढाले लई सोसलं रुपाली. तू ते कायले परत आनलं?"

उकंडाबाबांनी सांगितलं की फासे, सरकी, सगळं चुलीत टाक आणि मोकळी हो.

ताईने कोपऱ्यातून डबा आणला, आईसमोर सरकी ओतली आणि म्हणाली, आधी एक डाव खेळ, मग तूच जाळ. मथुराबाईला ते काही रुचलं नाही, पण ती बसली. ताईने तिला एक म्हातारी जादूगारीण केलं, जिच्या नातवाला थंडीत ताप भरलाय आणि घरात सरपण नाही. मथुराबाईने बराच विचार केला. शेजाऱ्याच्या चुलीतून ऊब घेतली तर त्यांची भाकर कच्ची राहील. गोठ्यातल्या गाईकडून घेतली तर गाय गारठेल. शेवटी तिने दहा घरांतून चिमूट-चिमूट मागायची ठरवली, आणि प्रत्येक घरी आधी विचारायचं म्हणून हटून बसली. दहाही घरांच्या बाया ताईला करून दाखवाव्या लागल्या. डाव संपला तेव्हा चुलीवरची भाजी करपली होती.

मथुराबाई म्हणाली, "यात मंत्र कोठं हाय? हा तं सारा विचाराचा खेळ हाय." मग नवऱ्याकडे बघून तिने सांगितलं की काही जाळायचं नाही. आणि ताईला म्हणाली, "लपून नको खेळू. लपून खेळशीन तं लोकं म्हनतीनच."

पुढच्या बाजारच्या दिवशी भर दुपारी कापूस बाजाराच्या शेडखाली मथुराबाईने स्वतः सतरंजी अंथरली. खोलीतला टेबल भीमसिंगने डोक्यावर आणला. ताईने टेबलाला एक पुठ्ठा टांगला. त्यावर लिहिलं होतं, इथे जादू चालते, कोणीही बसावं, कोणीही विचारावं. मला घरून मनाई होती. मी गेले.

लोक जमले ते आधी तमाशा बघायला. कोणीतरी मागून टोमणा मारला की लिंबू कुठे आहे. ताईने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने गोष्ट सुरू केली. एक गाव आहे, काळ्या मातीचं. त्या गावाचं पीक लाल पडलंय. गावात सहा जादूगार आहेत. पीक हिरवं करायचंय. बोला, कुठून घेता?

मग आम्ही खेळू लागलो. एकाने नदीतून घेतलं आणि खालच्या गावाची नदी आटली. भीमसिंगने स्वतःच्या बैलांतून घेतलं आणि बैल बसले. बघणारे कास्तकार हळूहळू पुढे सरकले आणि मधूनच सल्ले देऊ लागले. डोंगरातून घ्या. उन्हातून घ्या, ऊन तर कोणाच्या बापाचं नाही. ताई प्रत्येकाला विचारायची, कशातून नेणार, आणि फासा त्याच्याच हातात द्यायची. फासा पडला की त्या आकड्याएवढी सरकी टेबलावरून खाली जमिनीवर टाकली जाई, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

जीप पलीकडेच उभी होती. भोंग्यापाशी गिऱ्हाईक उरलं नव्हतं. घनश्याम बघायला आला, गर्दीच्या मागे उभा राहिला. ताईने त्याला पाहिलं आणि शेजारचं स्टूल पायाने बाहेर ओढलं.

"ये, बस. अर्धा खेळ तुहाच हाय."

तो नको म्हणू शकला असता. पण सगळे त्याच्याकडे वळले होते, आणि मला वाटतं त्याहून मोठं कारण म्हणजे त्याला बसायचं होतं. कॉलेज संपल्यापासून तो या खेळाला बसला नव्हता. तो बसला, बाह्या दुमडल्या आणि फासा हातात घोळवू लागला.

ताईने विचारलं, कुठून घेतोस? तो म्हणाला, विश्वातून.

"विश्व कोठं ठेवलं हाय? बोट दाखव."

लोक हसले. तोही हसला, पण बोट कुठेच दाखवता येईना. तो टेबलाकडे बघत राहिला. नदी आटलेली, बैल बसलेले, डोंगर थंड. खेळ त्याने स्वतः बनवलेला होता, त्यात पळवाट नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या कपाळावर आठी पडली. एजन्सीवाला माणूस तिथून उठून गेल्यासारखा झाला आणि निंबाखालचा मुलगा उरला. मग तो म्हणाला, माझ्या अंगातून घेतो. मातीतून नेतो. एकदम नाही, एकेका झाडाला थोडं-थोडं, म्हणजे कमी सांडेल.

ती चाल सुंदर होती. भीमसिंगच्या तोंडून वाहवा गेली. घनश्यामने उबेचे आठ दाणे पुढे मांडले, फासा टाकला आणि सहा पडले.

कोणी सांगायच्या आधी त्याने स्वतःच सरकीचे सहा दाणे उचलून खाली टाकले. त्याच्यापुढे फक्त दोन दाणे राहिले. "सांडलं," तो म्हणाला.

दोन दाण्यांत अर्धं शेतसुद्धा हिरवं होत नव्हतं, आणि त्याचा जादूगार गारठून गेला होता. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने अगदी साधेपणाने, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, विचारलं की मग पोरा, त्या पट्टीत काय हाय?

घनश्यामने त्या माणसाकडे पाहिलं. मग टेबलाकडे. "तांबं," तो म्हणाला. "नुसतं तांबं हाय, काका."

तो उठला आणि गेला. संध्याकाळी जीप दिसली नाही.

याने सगळं नीट झालं असं नाही. काहींना पैसे परत मिळाले, बऱ्याच जणांना नाही. माझ्या वडिलांनी पट्ट्या तशाच जमिनीत ठेवल्या, म्हणाले गाडल्यात तर राहू दे. लाल्या त्या वर्षी जे न्यायचं ते घेऊन गेला. शिकवणी सोडून गेलेल्या मुलींपैकी काही परत आल्याच नाहीत. विमलताईंनी खोली मोकळी करायला सांगितलेलं मागे घेतलं नाही. ताईने सामान बांधलं, बुद्धविहाराच्या ओसरीवर फळा टांगला आणि सोमवारपासून तिथे शिकवायला सुरुवात केली. रविवारचा खेळ मात्र तिने ओसरीवर नेला नाही. तो शेडखाली, सगळ्यांसमोरच चालू ठेवला. हमाल, अडत्यांची पोरं, बाजाराला आलेल्या तांड्यावरच्या बाया, कोणीही येऊन बसायचं. मथुराबाई चहाची किटली घेऊन यायची आणि डाव रंगला की स्वतःच बसायची.

दोन-तीन वर्षांनी ताईने खेळाचे नियम दिग्रसच्याच एका छापखान्यात छापून घेतले. वर दोन नावं टाकली, तिचं आणि घनश्यामचं. भीमसिंग चिडला. ज्याने असं केलं त्याचं नाव कशाला, असं आम्ही सगळेच म्हणालो. ताई म्हणाली, अर्धे माझे म्हणून भांडले ना, मग अर्धे त्याचे आहेत. तिने एक प्रत त्याच्या गावी पाठवली. त्याचं काही उत्तर आलं नाही. पुढे तो नागपूरला कोचिंगमध्ये शिकवतो असं कळलं. ताई ते ऐकून एवढंच म्हणाली की चांगला शिकवत असेल.

मग एकदा यवतमाळच्या एका संस्थेने तिला बोलावलं. मी सोबत गेले होते. माणसं चांगली होती, बुवाबाजीविरुद्ध काम करणारी. त्यांना तो खेळ जिल्हाभरातल्या शाळांना वाटायचा होता. अट एकच, त्यातला जादू हा शब्द काढायचा आणि त्याला विज्ञान संच म्हणायचं. मुलांच्या मनावर चुकीचा परिणाम नको.

ताईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की शब्द निघणार नाही. आमच्या पोरींना परीक्षेचं विज्ञान सगळेच देतात, दरवाजा जाळावासा वाटणं, उडावंसं वाटणं कोणी देत नाही. समोरचे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, पण जादू खरी नसते, हे तुम्हालाही मान्य आहे ना?"

"मान्य हाय," ताई म्हणाली. "पन जादू पाह्यजे असं वाटनं खरं असते. ते मी कोनाले सोडाले नाई सांगनार. फक्त कोनाचं घेतलं ते त्याईनं सांगावं."

त्यांनी पुन्हा विचार करायला सांगितलं. तिने नमस्कार केला, डबा पिशवीत टाकला आणि आम्ही बसस्टँडवर आलो. पुसदकडची गाडी लागलेलीच होती. दारव्हा मागे पडलं. मग ताई एकदम माझ्याकडे वळून विचारू लागली की पुढच्या डावात समुद्र आणला तर काय होईल, आपल्यापैकी कोणी समुद्र पाहिलेलाच नाही, तर त्यातून ऊब घेताना खेळाडू कुठून घेतलं हे कसं सांगेल.